निबंधात घरची परिस्थिती किती लिहायची?

करवीर तालुक्यातल्या पंचगंगेकाठच्या एका गावातून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते लिहितात : "मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटीलाही चांगले मार्क पडलेत. इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगला जायचं म्हणते. एका ट्रस्टच्या मेरिट स्कॉलरशिपचा फॉर्म भरतोय. त्यात 'तुमचा आजवरचा प्रवास आणि पुढचं ध्येय' यावर पाचशे शब्द मागितलेत. तिनं लिहिलंय, पण त्यात महापूर, माझं कर्ज, तिच्या आईचं आजारपण, सगळंच आलंय. वाचून मला बरं वाटलं नाही. दोन म्हशी आणि थोड्या उसावर घर चालवतो, पण कुणापुढं हात पसरला नाही. तिचे सर म्हणतात असंच लिहावं लागतं. पुतण्या म्हणतो एआयकडून लिहून घेऊ. पोरगी हुशार आहे, दूध संस्थेचा हिशेब तीच ठेवते. मंडळी आजारी होती तेव्हा धार मी काढायचो, त्या बिलात फॅट घसरलं. मी घाई करतोय आणि शेवटचं दूध रेडकाला सुटतंय, हे तिनं वहीवरून पकडलं. तर परिस्थिती न लिहिता स्कॉलरशिप मिळेल का?"

नमस्कार दादा,

मिळू शकते. का, ते सांगतो.

घरची परिस्थिती सांगायला फॉर्ममध्ये वेगळी जागा असते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तुम्ही जोडणार आहात, घरात कमावणारे किती आणि जमीन किती हेही भरून देणार आहात. निवड करणाऱ्यांपुढं तो आकडा आधीच असतो. मार्कांचंही तसंच. मेरिट स्कॉलरशिपला मार्कांची चाळणी आधी लागते. त्यातून वर आलेल्या सगळ्यांचेच मार्क चांगले असतात आणि बहुतेकांच्या घरी पैशाची ओढाताण असते. मग यातलं कोण निवडायचं, हे ठरवायला निबंध वाचतात. म्हणजे दाखल्यात आणि मार्कलिस्टात जे दिसत नाही, तेवढ्यासाठीच ते पाचशे शब्द आहेत. तिथं पुन्हा उत्पन्न आणि टक्के लिहिले तर जागा वाया गेली.

तुमच्या मनातली बोच मला कळते. पण शिक्षणासाठी मदत घेणं म्हणजे हात पसरणं, असं कोल्हापुरात तरी मानू नका. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं, पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. त्या बोर्डिंगांत राहून खेड्यापाड्यांतल्या किती पिढ्या शिकल्या. शिकणाऱ्याला आधार द्यायचा, ही या गावाची रीतच आहे. तुमचं वाईट वाटणं वेगळ्या कारणासाठी बरोबर आहे. त्या निबंधात घरावर काय काय कोसळलं हे आहे, तुमची मुलगी मात्र कुठं दिसत नाही.

आणि ती दिसते कुठं, तर तुमच्याच पत्रात, फॅटच्या त्या दोन ओळींत. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, मी तिथंच थांबलो.

कासेतलं पहिलं दूध पातळ असतं आणि शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असतं. ते रेडकाला गेलं की डेअरीत फॅट कमी लागणार आणि दर फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) असल्यानं दहा दिवसांच्या बिलाला फटका बसणार. जुन्या गवळ्यांना हे अनुभवानं ठाऊक असतं. तुमच्या मुलीनं ते वहीतल्या आकड्यांवरून काढलं. संस्थेच्या मशीनला किंवा सचिवांना दोष देऊन ती मोकळी झाली नाही, कुठल्या तारखांना घसरलं आणि त्या दिवशी घरात काय वेगळं होतं हे तिनं जुळवून पाहिलं. आणि अशी मुलगी इन्स्ट्रुमेंटेशन शिकायचं म्हणते, म्हणजे मोजमापाचंच शास्त्र! याहून चांगला निबंध मला तरी सुचत नाही.

आता थोडं तिच्याशीच बोलतो.

बाळ, सुरुवात थोरामोठ्यांच्या वचनानं करू नकोस. पहिल्याच वाक्यात ते बिल हातात घे. फॅट किती लागायचं, किती लागलं, हे वहीत बघून खरे आकडे लिही. तुला आधी काय वाटलं होतं? म्हशीचं काही दुखतंय, चारा बदललाय की मशीन चुकतंय? पहिला अंदाज चुकला असेल तर तोही लिही, वाचणाऱ्याला तुझा विचार कसा चालतो ते कळेल. मग वही कशी चाळली, वडिलांना कसं सांगितलंस (हे सोपं गेलं नसणार), पुढच्या बिलात काय झालं. निम्मे शब्द एवढ्यालाच दे. 'संशोधन केलं' असले मोठे शब्द मात्र नकोत. जे केलंस तेच लिही, ते पुरेसं मोठं आहे.

आईचं आजारपण या गोष्टीत आपोआप येतंच, कारण त्याच दिवसांत धार वडिलांकडं गेली. एका वाक्यात येऊ दे. कर्जाचा उल्लेख पूर्ण काढलास तरी काही बिघडत नाही. वडिलांना ते नको आहे, आणि त्यांच्या मनाचा मान राखून लिहिलेला निबंध दुबळा होत नाही.

पुराचं जरा अवघड आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी तुमच्या काठानं काय सोसलं ते कोल्हापुरात कुणाला सांगायला नको. पण शिरोळ, करवीर आणि सांगलीकडून येणाऱ्या किती निबंधांत तेच पाणी, तेच स्थलांतर असेल, विचार कर. पाणी सगळ्या गावात आलं, त्यात तू काय केलंस किंवा त्यानंतर तुझा कुठला निर्णय बदलला, हे सांगता येत असेल तर दोन-तीन वाक्यं लिही. नसेल तर सोडून दे. त्यानं दुःख खोटं ठरत नाही.

ध्येयाच्या भागात 'गावाचं नाव उज्ज्वल करीन' लिहू नकोस. त्याआधी एकदा संस्थेत जाऊन सचिवांना विचार, मशीन फॅट कसं मोजतं? हल्लीची बरीच यंत्रं दुधातून अल्ट्रासाउंड लहरी सोडून मोजतात. जुन्या गर्बर पद्धतीत सल्फ्युरिक ॲसिड घालून नळ्या यंत्रात गरगर फिरवतात, मग वर आलेलं फॅट नळीवरच्या खुणांवर वाचतात. यंत्राचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर मोजतंय ना याची तपासणी आणि जुळणी, कोण करतं, कधी करतं, तेही विचार. तिथून परत येताना तुझ्याकडं एखादा खरा प्रश्न असेल. 'मला हे शिकायचं आहे, कारण हा प्रश्न मला पडला आहे' असं लिहिणारी मुलं थोडी असतात.

पैसे कशाला हवेत, हेही नेमकं लिही. दादा, हे तुमच्यासाठीही. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क राज्य सरकार पूर्ण भरतं, प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. तुम्ही त्यात बसत असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर तो अर्ज आधी भरा. तिथं निबंध लागत नाही. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही त्याच पोर्टलवर आहे. हे मिळणार असेल तर ट्रस्टला लपवू नका, उलट स्पष्ट सांगा की फीची सोय होतेय, अडचण मेसची, पुस्तकांची आणि लॅपटॉपची आहे. दुसरी मदत घेतलेली चालते की नाही, ते मात्र ट्रस्टच्या नियमांत वाचून घ्या.

पुतण्याचं म्हणणं मला पटत नाही. शुद्धलेखन तपासायला एआय वापरा, ट्रस्टनं मनाई केली नसेल तर. पण लिहून घेऊ नका. बहुतेक ठिकाणी पुढं मुलाखत असते आणि प्रश्न निबंधातूनच निघतात. वहीचे आकडे जिनं स्वतः मांडले, तिला कुठूनही विचारलं तरी सांगता येईल.

मराठी चालत असेल तर मराठीतच लिहू द्या. इंग्रजीच हवं असेल तर आधी मराठीत लिहून मग साध्या, छोट्या वाक्यांत इंग्रजी करावं, अवघड शब्द शोधत बसू नये. झालं की आईला मोठ्यानं वाचून दाखवावं. ज्या वाक्याला आई म्हणेल 'हे तू बोलत नाहीस', ते वाक्य बदलावं.

शिफारसपत्र त्याच सरांकडून घेणार असाल तर तयार निबंध त्यांना आधी वाचायला द्या. घरच्या परिस्थितीबद्दल त्यांना जे सांगायचं आहे, ते त्यांच्या पत्रात चार ओळींत लिहू देत.