‘नॅचरल’ डिओ घेताना आणि घरी करताना: वाचकांचे प्रश्न

ताई, ॲल्युमिनियमवाला डिओ सोडायचं ठरवलंय. एक पांढरा क्रिस्टलचा दगड मिळतो, ओला करून काखेत फिरवायचा, त्यावर ‘नॅचरल’ लिहिलेलं असतं. तो घेऊ का? आणि ॲल्युमिनियमने ब्रेस्ट कॅन्सर होतो हे खरंय का?

अगं तो दगड म्हणजे तुरटी! आणि तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट, त्यामुळे नॅचरल असेलही पण ॲल्युमिनियम-फ्री अजिबात नाहीये. काही कंपन्या हुशारीने ‘ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नाही’ एवढंच लिहितात, ते खरंच असतं, फक्त अर्धं असतं. म्हणून पुढचं हिरवं पान-फूल बघून भुलायचं नाही, मागची बारीक अक्षरातली यादी वाचायची आणि त्यात क्लोरोहायड्रेट, झिर्कोनियम किंवा पोटॅशियम ॲलम दिसलं की समजायचं ॲल्युमिनियम आहे. तुरटी वाईट असते असं मी म्हणत नाहीये हां, वास ती बऱ्यापैकी रोखते, पण तुला जे टाळायचंय तेच तिच्यात आहे.

कॅन्सरचं म्हणशील तर अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट असो की अमेरिकन कॅन्सर सोसायटी, दोघींचंही म्हणणं असंच की असा संबंध सिद्ध झालेला नाही. तेव्हा घाबरून सोडू नकोस, कपड्यांवर पिवळे डाग पडतात म्हणून, त्वचेला झोंबतं म्हणून किंवा नुसतं नको वाटतं म्हणून खुशाल सोड. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरायचं, आणि मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रेच्या) दिवशी कोणीच लावू नये, कारण त्यातले कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात.

नॅचरल डिओवर आल्यापासून शर्ट काखेत ओलाच असतो. डिओ बोगस आहे का?

नाही हो, तुम्ही अपेक्षा चुकीची ठेवलीय. ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतात म्हणून घाम कमी येतो, त्याला अँटीपर्स्पिरंट म्हणतात. डिओ फक्त वासाचं बघतो. ताज्या घामाला तसा वास नसतोच, काखेतले बॅक्टेरिया तो खातात आणि मग जे तयार होतं त्याला वास येतो. म्हणजे शर्ट ओला पण वास नाही, तर तुमचा डिओ पास! ओलावाच नको असेल तर सुती सैल कपडे घाला आणि आरारूट किंवा कॉर्नस्टार्च असलेला डिओ बघा, थोडा फरक पडेल, पण कोरडं ठक्क काही होणार नाही.

घरी खोबरेल तेल आणि बेकिंग सोडा मिसळून डिओ केला, आठवडाभर मस्त चालला आणि मग काखेत लाल पुरळ. काय चुकलं?

सोडा! त्वचेचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप) साधारण 5 च्या आसपास असतो आणि सोड्याचा 8 च्या वर, बॅक्टेरियाला ते मानवत नाही म्हणून वास जातो, पण रोज रोज लावलं की त्वचेलाही मानवत नाही, त्यात त्याचे कण खरखरीत आणि काख नुकतीच शेव्ह केलेली असेल तर बघायलाच नको. आधी सगळं बंद करा, पुरळ पूर्ण जाऊ द्या, नाही गेली तर स्किनच्या डॉक्टरकडे जा.

मग पुन्हा करायचा असेल तर सोड्याऐवजी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड घ्या, ते पाण्यात फारसं विरघळत नाही म्हणून सहसा कमी झोंबतं. मोठे 3 चमचे खोबरेल, 2 चमचे शिया बटर आणि 1 चमचा मधमाशीचं मेण गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा, खाली उतरवून 3 चमचे आरारूट आणि 1 चमचा मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड गुठळ्या न होता घोटा, कोमट झालं की लॅव्हेंडर तेलाचे 10-12 थेंब. जास्त वासासाठी जास्त थेंब घालायचा मोह होतो, घालू नका, इसेन्शियल ऑइलनेही ॲलर्जी होते. मेण वगळू नका, खोबरेल 24-25 अंशाला वितळतं त्यामुळे गरम दिवसात डबीत नुसतं तेल उरेल. पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर बुरशी. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा, मगच काखेत, तेही वाटाण्याएवढं, आणि कपडे जरा थांबून घाला कारण तेलाचे डाग पडतात (पिवळे गेले, तेलकट आले!).

नुसतं लिंबू चोळलं तर?

नको. पीएच 2 च्या आसपास, शेव्ह केलेल्या काखेत नुसती आग होईल. आम्लानेच वास घालवायचा असेल तर मँडेलिक ॲसिडवाले तयार डिओ मिळतात, त्यात ॲसिडचं प्रमाण मोजून ठरवलेलं असतं, तेही शेव्ह केल्या केल्या लावू नका.