नवी रायफल नंतर बघू

भावा, स्कोअर अडकला की लगेच रायफल बदलायचं खूळ डोक्यात घेऊ नकोस. १० मीटर एअर रायफलला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा, पेलेट म्हणजे छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एवढ्याशा जागेत रायफलपेक्षा आपलं अंगच जास्त हलतं.

आधी पाय बघ. पोझिशन घे, डोळे मीट, दोन श्वास सोड आणि डोळे उघड. साईट (रायफलवरचं नेम धरायचं भोक) टार्गेटच्या डावी-उजवीकडे गेली असेल तर हातानं ओढून आणू नकोस. पाय जरा सरकव, परत डोळे मीट. हातानं ओढलेली रायफल ट्रिगर दाबताना परत आपल्या जागी जाते आणि नऊ लागतो. सगळ्यात जास्त पॉइंट इथंच जातात. डावं कोपर बरगडीखाली कमरेच्या हाडावर टेकव, म्हणजे वजन हाडांवर येतं, दंड थरथरत नाही.

शॉट गेला तरी दोन सेकंद साईटमध्येच बघत राहा. स्कोअरच्या स्क्रीनकडे मान वळवायची घाई सगळ्यांनाच असते.

मग सामान. स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू ढिले नाहीत ना, हवेच्या सिलिंडरचं प्रेशर किती, एवढं रोज बघ. पेलेट बदलायचं असेल तर रायफल क्लॅम्पमध्ये बांधून ग्रुप काढ, म्हणजे शॉट किती जवळजवळ लागतात ते बघ, हातात धरून कळत नाही.

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं ब्राँझ आणल्यापासून पोरं थेट ५० मीटरचं विचारतात. ते राहू दे. घरी रोज अर्धा तास ड्राय फायरिंग (पेलेट न भरता नेम आणि ट्रिगरचा सराव) कर, भिंतीकडे तोंड करून, रायफल रिकामी आहे हे दोनदा बघून.