वाचकांचे प्रश्न : आराखडा आणि बांधकाम एकाच चमूकडे?

प्रश्न : जुन्या घराचं स्वयंपाकघर आणि दोन बाथरूम नव्याने करायची आहेत. आर्किटेक्ट आणि कंत्राटदार वेगवेगळे नेमावेत, की दोन्ही कामं करणाऱ्या एकाच चमूला द्यावं?

एकाच चमूचा खरा उपयोग तोडफोड सुरू होण्याआधी होतो. आराखडा कागदावर असतानाच बांधणारा माणूस त्यात बोट घालतो, म्हणून.

कमोड जुन्या जागेवरून तीन मीटर लांब न्यायचा आहे, असं समजा. कागदावर ही एक रेघ. प्रत्यक्षात 110 मिलिमीटरच्या पाइपाला 1:60 उतार (60 मिलिमीटर लांबीला 1 मिलिमीटर) दिला, तर तीन मीटरमध्ये 50 मिलिमीटर पडतात. त्यात पाइपाची जाडी, वरचा मसाला आणि टाइल धरा. जमिनीखाली 200 मिलिमीटरहून जास्त खोली हवी. तेवढी नसेल तर बाथरूमची जमीन पायरीभर उचलावी लागते, नाहीतर पाइप खालच्या छताला लटकवावा लागतो. आर्किटेक्ट आणि कंत्राटदार वेगळे असतील आणि कंत्राटदार उशिरा आला असेल, तर हे बहुधा टाइल उखडल्यावर कळतं. मग "आराखडाच चुकला" आणि "काम नीट केलं नाही" या वादात खर्च मालकाच्या डोक्यावर येतो. एकाच चमूला बोट दाखवायला दुसरं कोणी नसतं.

मात्र हा फायदा आपोआप मिळत नाही. आराखडा ठरवण्याच्या बैठकीला साइट सांभाळणारा इंजिनिअर आणि प्लंबर हजर असतात का, हे आधी विचारा. काही ठिकाणी आराखडा करणारे आणि काम करणारे एका पाटीखाली बसतात, एवढंच. प्लंबरचं काम पोटकंत्राटावर बाहेर जातं आणि तो आराखडा प्रथमच साइटवर पाहतो. नुसता रंग, टाइल आणि नळ बदलायचे असतील, तर एवढा घाट घालायची गरज नाही.

प्रश्न : दोघंही एकाच संस्थेचे, मग कामातली चूक आम्हाला दाखवणार कोण?

या पद्धतीची कमजोर बाजू हीच. वेगळा नेमलेला आर्किटेक्ट मालकाच्या वतीने कंत्राटदारावर लक्ष ठेवतो; इथे तो कंत्राटदाराच्याच पगारावर असतो. भिंतीआड जाणारा माल हलका वापरला, तर ते सांगण्यात त्याचा काही लाभ नाही.

यासाठी करार दोन टप्प्यांत करा. पहिल्यात ठरावीक फीवर प्रत्यक्ष मोजमाप, आराखडे, मालाचं तपशीलपत्रक आणि बाबवार अंदाजपत्रक. फी दिली की हे कागद तुमचे आणि ते दुसऱ्या कंत्राटदाराला दाखवण्याची मुभा तुम्हाला, हे करारात लिहून घ्या. दर पटला तरच बांधकामाचा दुसरा करार. "आमच्याकडून काम करून घेतलंत तर आराखडा फुकट" या बोलीला भुलू नये. फुकटच्या आराखड्याचे पैसे बांधकामाच्या दरात वसूल होतात आणि तुलना करायला तुमच्या हाती कागदही उरत नाही.

शिवाय एक स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर तुमच्या पैशाने नेमा. त्याला तीनदा बोलवा : भिंत पाडायच्या आधी, पाइप-वायरिंग झाकायच्या आधी आणि शेवटी. अर्ध्या विटेची भिंत आहे म्हणून ती भार घेत नाही, असं गृहीत धरू नये. वर काय टेकलं आहे ते पाहिल्याशिवाय कोणी छातीठोक सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका.

प्रश्न : अंदाजपत्रकात टाइल आणि नळांपुढे नुसती 'ठोक तरतूद' लिहिली आहे. ती मान्य करावी का?

वस्तू निवडलीच नसेल तर तरतूद, म्हणजे अंदाजाने धरलेली रक्कम, ठेवणं चूक नाही. पण एकूण आकडा आकर्षक दिसावा म्हणून ती अनेकदा मुद्दाम कमी धरली जाते. बजेट फुटतं ते बहुधा इथेच. प्रत्येक तरतुदीपुढे प्रमाण, प्रति एकक दर आणि त्यात काय काय धरलं आहे ते लिहून मागा. टाइलमध्ये चिकटवणारा मसाला, कटाई, मजुरी आहे का? सरळ मांडणीला मोजमापाच्या सुमारे 10 टक्के टाइल जास्त लागतात, तिरप्या मांडणीला 15 टक्क्यांपर्यंत. पुढेमागे दुरुस्ती लागली तर त्याच छटेच्या टाइल मिळतीलच असं नाही, म्हणून एक-दोन खोकी बाजूला ठेवावीत.

जुन्या घरात गंजलेले पाइप, पोकळ गिलावा निघतोच. त्यासाठी 10 ते 20 टक्के राखीव रक्कम ठेवा, पण ती करारात दाखवू नका; दिसली की संपते. मधेच काही बदल सुचला, तर किती पैसे आणि किती दिवस वाढतील हे लेखी येऊन तुमची सही झाल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नये.

प्रश्न : काम चालू असताना घरातच राहता येईल?

दोन बाथरूम एकापाठोपाठ घेतली, तर जमतं. स्वयंपाकघर उघडलं की तात्पुरता ओटा आणि पाण्याची सोय दुसरीकडे लागते. तोडफोडीच्या दिवसांत मात्र घर सोडा; धुळीला प्लास्टिकचा पडदा पुरत नाही.

प्रश्न : पैसे कसे द्यावेत?

तारखेनुसार नको, पुऱ्या झालेल्या कामानुसार. पाइप बसले, दाबाखाली चाचणी झाली आणि भिंत झाकण्याआधी मोजायची टेप लावून फोटो काढले, की एक हप्ता. वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचरा बंद करून जमिनीवर 25 ते 50 मिलिमीटर पाणी किमान 24 तास उभं करावं आणि खालच्या छताला ओल नाही हे पाहावं, मग पुढचा. ही चाचणी टाइल लावण्याआधीच व्हायला हवी. टाइल बसल्यावर गळती सापडली तर सगळं पुन्हा उखडावं लागतं, म्हणून तेव्हा ती करायला कोणी राजी नसतं. ओट्याखालच्या कपाटांचं अंतिम माप गिलावा आणि टाइल झाल्यावरच घ्यायला लावा. आराखड्यावरून आधी कपाटं करून आणली, तर भिंतीशी फट राहते.

शेवटचे 5 ते 10 टक्के राहिलेल्या कामांची यादी पुरी होईपर्यंत रोखून ठेवा. ही यादी चमूने नव्हे, तुम्ही आणि तुमच्या इंजिनिअरने घरात फिरून करायची : प्रत्येक नळ पूर्ण उघडून, प्रत्येक दार लावून, आणि बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच जातं का ते पाहून.