एएनए पॉझिटिव्ह आहे, पण आजार सापडत नाही. आता काय करावं?

ताई, तुमचे सांधे दुखतात, एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनणाऱ्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी) १:१६० पॉझिटिव्ह आलंय, भुसावळच्या डॉक्टरांनी ‘काळजी करू नका’ एवढंच सांगितलं आणि तुमची झोप उडालीय. जळगावला माझ्या बहिणीचं अगदी असंच झालं होतं, म्हणून लिहितो.

एएनए पॉझिटिव्ह म्हणजे आजार नव्हे. १:१६० ला, म्हणजे रक्ताचा नमुना १६० पट पातळ केल्यावरही, धडधाकट माणसांत शंभरात साधारण ५ जण पॉझिटिव्ह येतात, १:४० ला तर ३० च्या आसपास. थायरॉईडचा त्रास, टीबी, टीबीवरचं आयसोनियाझिड, वाढतं वय यांमुळेही येतं. तीच तपासणी पुन्हा पुन्हा करण्यात पैसे घालवू नका.

त्याऐवजी सीबीसी, क्रिएटिनिन, ईएनए, डीएसडीएनए, सी३-सी४ (या तिन्ही अशा आजारांचा माग काढणाऱ्या रक्ततपासण्या) आणि लघवीतलं प्रोटीन करायला हवं का, ते विचारा. लघवीची तपासणी स्वस्त आहे, पण तीच राहून जाते. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किडनीत उतरला तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही, लघवीत मात्र दिसतं.

एप्रिलच्या उन्हात आपल्याकडे सगळ्यांचेच चेहरे रापतात. पण गालांवर-नाकावर लाल चट्टा टिकून राहिला, तोंडात वारंवार फोड आले, थंडीत बोटं पांढरी पडली, सकाळी सांधे तासभर आखडले, तर तारखेसह लिहून ठेवा, चट्ट्याचा फोटो काढा. बहिणीच्या वेळी रिपोर्टांच्या गठ्ठ्यापेक्षा ही वहीच कामी आली.

वही घेऊन रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवात आणि अशा आजारांच्या तज्ज्ञाकडे जा, हाडांच्या डॉक्टरांकडे नव्हे. पाय सुजले, लघवीला फेस आला किंवा दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.