स्मार्ट स्विच बंद केल्यावरही एलईडी दिवा लुकलुकतो, काय करावं?

तुमचा स्विच बहुधा न्यूट्रलशिवाय, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेशिवाय, चालणारा आहे. असा स्विच स्वतःला जागं ठेवायला दिव्यातूनच थोडा करंट ओढतो. जुन्या ६० वॉटच्या बल्बला तो जाणवत नसे. ५-९ वॉटच्या एलईडीला मात्र तेवढा पुरतो.

स्विचसोबत बायपास कपॅसिटर (हा थोडा करंट दिव्याला वळसा घालून नेणारा छोटा भाग) आला असेल, तर तो दिव्यापाशी, फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रलला समांतर जोडा. स्विचपाशी जोडून काही उपयोग नाही.

पक्का इलाज म्हणजे न्यूट्रलवाला स्विच. त्याच बोर्डात सॉकेट असेल तर न्यूट्रल तिथेच मिळते, भिंत फोडायला नको. फक्त ती त्याच सर्किटची हवी. दुसऱ्या आरसीसीबीवरची (करंटची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) घेतलीत तर तो ट्रिप होऊ शकतो. काम मेन बंद करून, टेस्टरने तपासूनच. वायरमन बोलावलात तर उत्तमच.