वीस मिनिटं आधी नीघ

बाळा, अनेक आशीर्वाद.

डवरणी, निंदण आणि कामावरची पाळी यांतून घडीभर पाखरं-झाडं बघत बसायला वेळच भेटत नाही, असं तू लिहिलंस. मग वेगळा वेळ शोधूच नको. वावरात तर जावंच लागतं. फक्त वीस मिनिटं आधी घरून नीघ आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एका ठरलेल्या जागी बस. जागा बदलू नको. जागा तीच असली की कालच्यापेक्षा आज काय वेगळं आहे ते आपोआप दिसतं.

वीस मिनिटं यासाठी, की माणूस पोचला की पाखरं चूप होतात. न हलता बसलं तर दहाएक मिनिटांनी ती परत आपापल्या कामाला लागतात. बहुतेक जण नेमके त्याआधीच उठतात आणि 'इथं काही नाही' म्हणतात. ऊन पाठीवर घे, नाहीतर समोरचं पाखरू नुसतं काळं दिसेल. भडक शर्ट नको. मोबाइल गाडीच्या डिक्कीत ठेव. खिशात असला की हात जातोच.

आता पावसाळा आहे, तर सुगरणीपासून सुरुवात कर. नाल्यावरच्या शिंदीला, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला खोपे लागले असतील. विणतो तो नर, पिवळ्या डोक्याचा. पात्याच्या कडेला चोचीने चीर पाडतो, टोक धरतो आणि उडता उडताच लांब धागा सोलून नेतो. खोपा हेल्मेटएवढा अर्धा झाला की थांबतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी आत शिरून पाहते. तिला पसंत पडला तरच खालची नळी विणली जाते, नाहीतर अर्धा खोपा तसाच लोंबत राहतो. अर्ध्या खोप्यात आतून ओल्या मातीचे गोळे लावलेले असतात, तेही बघ. पूर्ण खोप्याला साधारण 18 दिवस लागतात. महिन्यातून एकदा येणाऱ्याच्या हाती यातलं काही लागत नाही.

वहीत तीन ओळी पुरेत: तारीख-वेळ, आभाळ-वारा, पाहिलेली एक गोष्ट. नाव येत नसेल तर पाखरू चिमणीएवढं, साळुंकीएवढं की कावळ्याएवढं, ते लिही. नाव मागून गुराख्याला विचारता येतं.

हिवाळ्यात तारेवर नीळकंठ, फाल्गुनात पळस, चैत्रात पहाटे गळणारी मोहाची फुलं. ते पुढचं पुढे.

पण जपून. बसण्याआधी गवत काठीने हलव, घोणस असते. वावर जंगलाला लागून असेल तर झुंजूमुंजू किंवा दिवस बुडताना एकट्याने बसूच नको. खाली बसलेला माणूस वाघाला सावजासारखा दिसतो. वीज कडकडली की झाडाखालून हट. फवारणी झालेल्या वावराकडे त्या दिवशी बसायला जाऊ नको. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते विसरू नको.

पुढच्या पत्रात खोप्याची नळी किती वीत झाली ते कळव.