बँड सोडून एकट्याने गाणाऱ्यांत सगळ्यात मोठी मजल कोणी मारली?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की भुसावळच्या एका बँडमध्ये गाता आणि आता स्वतःच्या नावाने गायचं मनात आहे. मी धुळ्याकडे लग्नसराईत कीबोर्ड वाजवतो. माझं उत्तर एकच, पीटर गॅब्रिएल.

1967 साली इंग्लंडमध्ये शाळेतल्या मित्रांनी जेनेसिस हा बँड काढला, त्याचा हा मुख्य गायक. मुखवटे चढवून, चित्रविचित्र पोशाखात स्टेज गाजवायचा. बँडचं नाव होऊ लागलं आणि 1975 मध्ये, पंचविशीत, तो बाहेर पडला. बँड त्याच्यावाचून बसला नाही; ड्रमर फिल कॉलिन्स गायला लागला आणि जेनेसिस आणखी मोठा झाला.

गॅब्रिएलने मात्र जुन्या गाण्यांवर पोट भरलं नाही. पहिला सोलो अल्बम 1977 चा, चांगलाच आहे. पण मला तो खरा सापडतो 1980 च्या तिसऱ्या अल्बममध्ये. ड्रमवर झांजा वाजवायच्याच नाहीत असं त्याने ठरवलं. झांजा गेल्या, जागा मोकळी झाली आणि ढोलाचा असा भरीव, एकदम तुटणारा आवाज निघाला की पुढची दहा वर्षं सगळे त्याच्या मागे लागले. त्यातल्या काही गाण्यांवर ड्रम वाजवलाय कोणी? त्याच फिल कॉलिन्सने!

हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे गायक फुटला की पहिल्यांदा बँडच्या सुपाऱ्या पळवतो, मग वर्षानुवर्षं बोलणं बंद. गॅब्रिएलने 1982 मध्ये वोमॅड हा देशोदेशीच्या संगीताचा महोत्सव भरवला, त्यात तो कर्जात बुडाला. तेव्हा जेनेसिसचे जुने गडी त्याच्यासोबत स्टेजवर उभे राहिले आणि त्या कार्यक्रमाच्या पैशातून कर्ज फेडायला हात दिला. 1986 मध्ये त्याचं 'स्लेजहॅमर' अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलं, तेही जेनेसिसच्याच गाण्याला खाली उतरवून. नुसरत फतेह अली खान यांची कव्वाली पाश्चात्त्य श्रोत्यांपर्यंत नेण्यात त्याच्या रिअल वर्ल्ड कंपनीचा मोठा वाटा आहे.

तेव्हा अहिराणीत स्वतःच्या चाली बांधा, तीच गाणी नाव बदलून गाऊ नका. आणि घेतलेल्या सुपाऱ्या पूर्ण करूनच निघा. बँड सोडायचं ठरल्यावरही गॅब्रिएल 1975 चा दौरा संपेपर्यंत गात होता.